उन्हाची पारख

छायाचित्र घेताना केवळ डोळ्यावर विसंबू नये. माजघरातील अंधुक उजेडास डोळा लवकर सरावतो. फिल्म सरावत नाही. सुईचे विद्युत् प्रकाशमापक प्रचारात आले ते १९३० नंतर. त्याआधीच दादासाहेब फाळके यांनी दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित केला, तो उन्हाच्या भरवशावर. त्यातून तेव्हाची फिल्म तांबड्या रंगास जवळजवळ आंधळी! संध्याकाळचे सोनेरी ऊन डोळ्यांस पुरेसे भासे, तिला अपुरे पडे. अंदाज चुकल्याचे कळे ते फिल्म धुताना. याच आंधळेपणामुळे ते काम तांबड्या दिव्याजवळ करता येई, आणि त्यात सरस्वतीबाईंचा हात असे. तोही कंपनीच्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून! ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लोकांपुढे आला, तो या अंधाऱ्या खोलीतून.