अंगठ्याचा ठसा

देगलूरच्या शाखेत मी होतो तेव्हाची, 1985-86 मधली गोष्ट. आठवडी बाजाराचा दिवस, काउंटरपुढे ही गर्दी. तेवढ्यात शिपाई आत येऊन हळूच म्हणाला, "सायब, एक म्हातारा पायरीवर बसलाय. खातं उघडा म्हणतो. त्याला आत घ्यावं का?"

बाहेर जाऊन पाहिले. धोतर, डोक्याला पटका, गळ्यात तुळशीची माळ आणि दोन्ही हातांना बोटे नाहीत. म्हैस विकून आलेले पैसे त्याने पटक्याच्या पदराला बांधून आणले होते.

"मामा, सही येते का?"

"सही न्हाई, सायब. आंगठा म्हणाल तर तोबी न्हाई."

आम्ही त्याला आत घेतले नाही. गिऱ्हाईक तक्रार करील, असे वरिष्ठांनी सांगितले आणि ते मला पटलेही. व्हरांड्यातच अर्ज भरून घेतला. आमच्या जुन्या हेडकॅशियरना नियम ठाऊक होता. हाताचा अंगठा नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, फक्त साक्षीदार दोन हवेत आणि त्यांतला एक बँकेचा अधिकारी हवा. म्हाताऱ्याने वहाण काढून पाय पुढे केला, मी शाईचा पॅड खाली धरला. ठसा उमटला. मग मी नळावर जाऊन दोनदा साबण लावून हात धुतले. तो पाहत होता, हे मला ठाऊक होते.

पासबुक घेताना तो एवढेच बोलला, "डिचपल्लीला डाक्टर हात हातात घेऊन बघायचे."

डिचपल्ली हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. देगलूरहून बाहेर पडले की मदनूरला मराठी मागे पडून तेलुगू सुरू होते. पुढे निजामाबाद आणि तिथून हैदराबादच्या रस्त्याला पंधराएक किलोमीटरवर डिचपल्ली. 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचाच होता, त्यामुळे आमच्या लोकांना ते परके वाटत नसे. तिथले कुष्ठरोग रुग्णालय उभे केले इझाबेल केर या स्कॉटिश डॉक्टरीणबाईंनी. 1903 साली अ‍ॅबर्डीनला वैद्यकीची पदवी घेऊन, वेस्लियन मेथॉडिस्ट मिशनचे पाद्री असलेल्या पतीबरोबर त्या 1907 मध्ये इकडे आल्या. 1915 च्या सुमारास डिचपल्लीचे काम उभे राहिले. त्यासाठी मोठी देणगी दिली ती राजा नरसा गौड या हिंदू गृहस्थाने. मुसलमान राजाचे राज्य, हिंदूचा पैसा आणि ख्रिस्ती डॉक्टर! आज हे सांगितले तर लोक आधी संशयाने पाहतील. 1932 मध्ये इझाबेलबाई वारल्या. त्यांच्या पतीने काम पुढे चालवले.

औषध तरी काय होते त्या काळी? कडू कवठीच्या बियांचे तेल. ते टोचायचे, आणि टोचणे दुखरे. गुण येईच असे नाही. पुढे चाळीसच्या दशकात डॅप्सोनच्या गोळ्या आल्या. आमचा म्हातारा विशीत डिचपल्लीला गेला तो नेमक्या या सांध्यावर. आधी तेल टोचून घेतले, मग गोळ्या खाल्ल्या. अकरा वर्षे राहून बरा होऊन परतला. बोटे मात्र गेलीच. ती 'झडतात' असे आपण म्हणतो, पण तसे नसते. जंतू मज्जातंतू मारतो, हाताला काही कळेनासे होते. मग चुलीवरचे भांडे उचलताना भाजते, जखम चिघळते, रात्री उंदीर कुरतडतात आणि माणसाला जाग येत नाही. वेल्लोरच्या मिशन रुग्णालयात डॉ. पॉल ब्रँड यांनी हे उलगडून दाखवले आणि वाकडी बोटे शस्त्रक्रियेने सरळ करण्याची वाट काढली.

पुढे म्हातारा पैसे काढायला यायचा, तेव्हा मीही थोडा निवळलो होतो. एकदा विचारलेच, "मामा, त्यांनी तुम्हाला ख्रिश्चन नाही केलं?"

"रोज सकाळी घंटी व्हायची, प्रार्थनेला बसायचो. तेलगू गाणी अजून येतात. पर तू कोण, असं तिथं कुणी पुसलं न्हाई. गावी आलो तवा समद्यांनी पुसलं."

धुंडामहाराजांच्या कीर्तनाने ओळखल्या जाणाऱ्या देगलूरचा हा माळकरी एकादशीही धरायचा आणि ती गाणीही गुणगुणायचा. मिशनऱ्यांच्या मनात धर्मप्रसार नव्हता असे मी म्हणणार नाही. तो होताच, त्यांनी तो लपवलाही नाही, आणि सीमेवरच्या अनेक दलित कुटुंबांनी तो धर्म स्वीकारलाही. सेवा हे आमिष होते की काय, यावर आपल्याकडे हिरिरीने वाद होतात. वाद जरूर व्हावेत. मनोहर दिवाणांचे दत्तपूर 1936 चे, बाबा आमट्यांचे आनंदवन त्याच्याही नंतरचे. तोवर आमच्या भागातल्या रोग्याने जावे कुठे, याचे उत्तर मात्र वाद घालणाऱ्यांपैकी कुणी मला दिलेले नाही.

आता एमडीटीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होतो, औषध सुरू होताच संसर्गाची भीतीही उरत नाही. 2005 च्या अखेरीस देशाने कुष्ठरोग निर्मूलन झाल्याचे जाहीर केले, तरी आजही वर्षाला 1 लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. आणि कुष्ठरोग झाला म्हणून घटस्फोट मागता येण्याची कायद्यातली तरतूद गेली ती थेट 2019 मध्ये.

माझी बदली होण्याआधी म्हाताऱ्याच्या नातवाचे लग्न निघाले. त्यासाठी त्याने खात्यातले बहुतेक पैसे काढले. या खेपेला आत, माझ्या टेबलाशी बसवून मी ठसा घेतला. "सायब, लग्नाला या," म्हणाला. मी गेलो. मांडवात पंगत बसली होती. म्हातारा तिथे नव्हता. त्याचे पान पलीकडे गोठ्याजवळ वेगळे वाढले होते. त्याने तिथूनच मला हात जोडले. मुलाने मला पहिल्या पंगतीत पाट दिला आणि मी बसलो.

माझे पान घेऊन मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो, असे लिहायला मला आवडले असते.