माहेरचा घाट

परवा भिशीत एकीनं विचारलं, "अगं, तू सायकलवर सोलापूरला जातेस म्हणे! भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "वाटते की!" सगळ्या हसल्या. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय. पण मैत्रिणींनो, खरंच सांगते, भीती अजूनही वाटते. फक्त आता तिला मागच्या कॅरिअरवर बसवून मी पुढं निघते.

मी धाराशिवला राहते. घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे ड्रेस. माझं मशीन जुनं, पायडलचं. गेली वीसेक वर्षं दिवसाचे सात-सात तास माझे पाय पायडल मारतायत, पण मी आपली तिथंच, खिडकीजवळ! माहेर सोलापूर. तुळजापूरमार्गे गेलं तर सुमारे ६७ किलोमीटर. पण लग्न झाल्यापासून माहेरी जायचं म्हणजे कुणीतरी 'सोडायला' हवं आणि कुणीतरी 'आणायला' हवं. एवढ्या वर्षांत एसटीनंसुद्धा एकटी कधी गेले नाही. कुणी अडवलं होतं असं नाही. तशी रीतच पडून गेली. आईचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "कोण येणार गं सोडायला?"

चाळिशी ओलांडली तशी पाठ आणि गुडघे बोलायला लागले. जिना चढला तरी धाप. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला लावलं. हिमोग्लोबिन साडेनऊ! मी घाबरले, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही एकट्या नाही." २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे दोघींमागं एक! रक्तच कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू पोचणार कसा, आणि दम टिकणार कसा? आपण मात्र म्हणतो, "वय झालं." त्यांनी तीन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या आणि जेवणानंतर लगेच चहा प्यायचा नाही, अशी ताकीद दिली. शेवटी म्हणाल्या, "बसणं कमी करा. चाला, नाहीतर सायकल चालवा."

सायकल घरात होती. लेक शिकायला पुण्याला गेली आणि तिची सायकल अंगणात नुसती उभी होती. तिच्यावर आम्ही पायपुसणी वाळत घालायचो! २०२२ च्या दिवाळीनंतर मी ती पुसली, चेनला तेल घातलं, हवा भरून आणली. लहानपणी वडिलांच्या मोठ्या सायकलीवर नळीखालून पाय घालून शिकले होते, तेवढ्यावर भरवसा. आमचे हे म्हणाले, "हातलाईपर्यंत जा. लांब नको." शेजारच्या काकूंनी गॅलरीतून विचारलं, "काय गं, स्कूटी विकली का?" सासूबाई मात्र एवढंच म्हणाल्या, "जाऊ दे की तिला. पडली तर उठंल."

आणि पडलेच! तिसऱ्याच दिवशी ओढणी चेनमध्ये अडकली. कोपर सोललं. त्यापेक्षा जास्त लागलं ते चहाच्या टपरीवरचं हसणं. आठ दिवस सायकलला हात लावला नाही. मग स्वतःसाठीच एक बिनओढणीचा, घेर कमी असलेला कुर्ता शिवला. इतकी वर्षं दुसऱ्यांची मापं घेतली, म्हटलं एकदा आपल्या कामाचं आपल्या मापाचं शिवू.

पहिले दोन महिने आठवड्यातून तीन दिवस, पहाटे, हातलाई तलावापर्यंत आणि परत. बस्स. तरी गुडघा दुखायचाच. सायकल दुरुस्तीवाले चाचा एकदा बघत होते. म्हणाले, "ताई, सीट किती खाली ठेवलीय!" आपण बायका पाय जमिनीवर पुरा टेकला पाहिजे म्हणून सीट खाली घेतो. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्यात थोडासाच बाक राहतो. सीट चार बोटं वर घेतली. दोन आठवड्यांत गुडघ्याची कुरकुर थांबली. वय झालं नव्हतं, सीट खाली होती!

दुसरी गोष्ट दमाची. मला वाटायचं, दम वाढवायचा म्हणजे दम लागेपर्यंत पळवायची. उलटं निघालं. सायकल चालवता चालवता शेजारणीशी पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढ्याच वेगानं बरेच दिवस चालवायची. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा. याच सावकाश चालवण्यानं हृदय आणि पाय मुरतात. अंतरही लोणच्यासारखं मुरू द्यायचं. आठवड्याला दोन-तीन किलोमीटरच वाढवायचे आणि तीन आठवडे वाढवले की चौथ्या आठवड्यात थोडं कमी करायचं. पाळीच्या दिवसांत अंग नको म्हणत असेल, तर घरी बसायचं. विश्रांतीतही शरीर कामच करत असतं.

असं करत मार्चपर्यंत धाराशिव लेण्यांपर्यंत जाऊन यायला लागले. गावापासून आठेक किलोमीटर. जुलैत तेरला निघाले, गोरोबाकाकांच्या दर्शनाला. जाताना सायकल अशी पळत होती, मला वाटलं आपण आता तरबेज झालो! परत फिरल्यावर कळलं, पळत होता तो वारा. पावसाळ्यात आपल्या माळावर वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. तेर आमच्या ईशान्येला. जाताना पाठीवर असलेला वारा येताना छातीवर! पवनचक्क्या वाशी-भूमच्या माळावर उगाच उभ्या केल्या आहेत का? तेव्हापासून घरातून निघताना आधी तुळशीची पानं कुठल्या बाजूला हलतायत ते बघते. पावसाळ्यात शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर निघायचं आणि थकल्यावर पाठीवर घेऊन घरी यायचं.

याच सुमारास लेकीनं मला पुण्याच्या प्रीती मस्के यांच्याबद्दल सांगितलं. दोन मुलांची आई. आजारपण आणि नैराश्यातून बाहेर पडायला त्यांनी सायकल धरली. जून २०२२ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरचं अंतर त्यांनी एकटीनं ५५ तास १३ मिनिटांत कापलं. वाटेत श्वास पुरेना तेव्हा दोनदा प्राणवायू घ्यावा लागला, तरी त्या पुढं गेल्या आणि गिनीज बुकात नोंद झाली. पुण्याचीच वेदांगी कुलकर्णी २०१८ मध्ये विशीतच, सुमारे २९ हजार किलोमीटर सायकल चालवत १५९ दिवसांत जगाला वळसा घालून आली. कॅनडात तिच्या मागं अस्वल लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं गेलं.

हे ऐकून मला हुरूप आला, असं मी लिहायला हवं. पण खरं सांगू? आधी वाटलं, त्या कुठं आणि आपण कुठं! मग लेक म्हणाली, "आई, सारिका काळे कुठली?" आमच्या धाराशिवचीच! २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाची कर्णधार, २०२० ची अर्जुन पुरस्कार विजेती. मी गप्प बसले. आपल्या गावात हे होत नाही, असं म्हणायची सोयच राहिली नाही.

लेकीनंच मला ब्रेव्हे नावाचा प्रकार समजावला. मूळ फ्रान्सचा, आता पुण्या-मुंबईपासून ठिकठिकाणी होतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत. ही शर्यत नाही. पहिला नंबर नाही, दुसरा नाही. वेळेत पोचलं की झालं. वाटेत खायचं, थांबायचं, पंक्चर स्वतः काढायचं. मला हे फार आवडलं. बायकांचा संसार याहून वेगळा काय असतो? मी मनात ठरवलं, आपलं ब्रेव्हे म्हणजे माहेर.

तयारीला सहा महिने लागले. सायकलच्या चाचांकडे बसून पंक्चर काढायला शिकले. टायर उचकटायचा, ट्यूब बाहेर काढायची, टायरमध्ये काटा राहिलाय का ते आतून बोट फिरवून बघायचं. काटा राहिला तर नवी ट्यूबही तिथंच फुटते. जुनी गिअरची सायकल घेतली, भिशीच्या पैशातून. हेल्मेट, मागं लाल दिवा, हँडलला आरसा. महामार्गावर पांढऱ्या रेषेच्या डावीकडून सरळ चालायचं. मोठा ट्रक शेजारून गेला की वारा ढकलतो आणि मग आत ओढतो. तेव्हा कोपरं सैल ठेवायची, हँडल आवळायचं नाही. आणि एक गोष्ट जी कुणी लिहीत नाही. वाटेत बाथरूम असलेले पेट्रोल पंप कुठले, ते आधी बघून ठेवायचं. नाहीतर आपण पाणीच पीत नाही आणि मग चक्कर येते.

मी सायकल काढली तेव्हा गाव कागदोपत्री उस्मानाबाद होतं. सोलापूरला निघाले तोवर धाराशिव झालं होतं! संक्रांतीनंतरचा रविवार, २१ जानेवारी २०२४. पहाटे साडेपाचला निघाले. तुळजापूरला कळसाला हात जोडले. पुढं घाट उतरून तामलवाडीमार्गे सोलापूर. साडेदहाला माहेरच्या दारात. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सवयीनं माझ्या मागं बघितलं, सोडायला कोण आलंय ते. कुणीच नव्हतं.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी परत निघायला दहा वाजले. आईनं शेंगापोळ्या वाढल्या, मीही खाल्ल्या. ऊन चढलं. थंडीतला वारा उत्तरेकडून, ईशान्येकडून, म्हणजे बरोबर तोंडावर. घाई झाली म्हणून वाटेत काही खाल्लं नाही. आदल्या दिवशी जो घाट गाणं म्हणत उतरले होते, त्याच्या पायथ्याशी पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढं अंधारी. रस्त्याकडेला बसून यांना फोन केला. हे छोटा हत्ती घेऊन आले. काही बोलले नाहीत. सायकल मागं, मी पुढं. सगळ्या रस्त्यात मी खिडकीबाहेर बघत रडत होते. शेवटी मला 'आणायला' कुणीतरी यावंच लागलं!

महिनाभर सायकल परत अंगणात. आईला सगळं कळलं होतं. ती माझ्यापेक्षा पक्की. सोलापुरातून कोजागरीला हजारो माणसं तुळजापूरला चालत जातात. पंचेचाळीस किलोमीटर, रात्रभर. आईनं कितीतरी वर्षं ती वाट चालली, गुडघे गेले तेव्हाच थांबली. तिला कुणी खेळाडू म्हटलं नाही, तिनंही म्हणवून घेतलं नाही. फोनवर म्हणाली, "तू घाटाकडं बघत असशील. मी कधी घाटाकडं बघितलं नाही. पुढच्या बाईच्या टाचांकडं बघायचे. आणि कमरेला शेंगदाणे-गूळ. भूक लागायच्या आधी तोंडात टाकायचा."

पुस्तकात हेच वेगळ्या शब्दांत असतं. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर जोराच्या मेहनतीत दोनेक तासांत सरत येते. ती संपल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. म्हणून पाऊण-पाऊण तासानं थोडं थोडं खायचं. केळं, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की. पाण्यात लिंबू, मीठ, साखर.

मार्चमध्ये पुन्हा गेले. या वेळी परतीला आईनंच पहाटे पाचला उठवलं. घाटात हलका गिअर टाकला आणि नजर पुढच्या दहा हातांवर ठेवली. एक खुणेचा दगड, मग दुसरा. एका वळणावर उतरून सायकल हातात धरून चालले. आधी मला ती हार वाटली असती. आईची तर सगळी वाटच पायी होती! श्वास बसला, पुन्हा टांग मारली. वर पोचले तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका फुलवालीनं विचारलं, "कुठनं आलीस गं बाई?" म्हटलं, "माहेराहून." आणि आवाज भरून आला. पुढचे बावीस किलोमीटर कसे गेले कळलं नाही.

मैत्रिणींनो, आत्मविश्वास आला की निघू, असं म्हणत मी वीस वर्षं काढली. तो आधी येत नाही. हातलाईच्या दोन किलोमीटरमध्ये थोडा आला, पंक्चर काढताना थोडा, आणि सगळ्यात जास्त आला तो छोटा हत्तीतून परतल्यावर पुन्हा निघताना. आता रविवारी आम्ही चौघी असतो. कुणी दवाखान्यात नर्स, कुणी अंगणवाडीत. अजून एकही ब्रेव्हे केलेलं नाही. २०० किलोमीटरचा विचार आहे, घाई नाही.

तुमच्याही अंगणात एखादी सायकल पायपुसण्यांखाली असेल. पुसा, हवा भरा, सीट चार बोटं वर घ्या. आधी रक्त तपासून घ्या. आणि पहिल्या दिवशी फक्त कोपऱ्यापर्यंत जाऊन या. महत्त्वाचं ते 'परत या'.

कालच आईचा फोन आला होता. कोण सोडायला येणार, हे तिनं विचारलंच नाही. म्हणाली, "या रविवारी वारा कुठनं आहे गं?"