वाचलेलेच सांगायला येतात

पावसाळा लागला की अकोला-अमरावतीकडे सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. अशाच एका काकांनी मला सुनावले, "बुवानं उतरवलं, डॉक्टरसाहेब. भरती काहाले करता? गावात पाच जनं वाचले त्याच्या हातानं."

मी विचारले, "आन् जे गेले, ते सांगाले येतीन का, काका?"

काका हसले, आणि चोवीस तास देखरेखीखाली थांबले.

आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही. म्हणजे बुवाकडे गेलेले बरेच जण मुळातच वाचणार असतात. दगावलेला मात्र साक्ष द्यायला परत येत नाही.

गंमत अशी, की विश्वाबद्दलच्या एका मोठ्या वादातही हाच प्रश्न दडला आहे. आपल्या शरीरातला कार्बन ताऱ्यांच्या पोटात तयार झाला. डॉ. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉईल यांनी १९५३ च्या सुमारास सांगितले, की कार्बनच्या अणुकेंद्रकाला साधारण ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टची ऊर्जापातळी असलीच पाहिजे. नाहीतर ताऱ्यांत एवढा कार्बन बनणारच नाही. अमेरिकेत कॅलटेकच्या प्रयोगशाळेत ती पातळी सापडली. ती बरीच इकडेतिकडे असती, तर ना काका असते, ना साप!

निसर्गाचे आकडे इतके जुळले कसे? काही शास्त्रज्ञ म्हणतात, विश्वे असंख्य असावीत आणि प्रत्येकाचे आकडे वेगळे. जिथे जीव तगला, तिथेच हा प्रश्न विचारणारे आपण आहोत. निराळ्या वाटेने गेलेले जग मराठी वाचकाला नवे नाही. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत मराठे पानिपत जिंकतात.

'हे सगळे आपल्यासाठीच बेतले आहे' म्हणणाऱ्यांना इंग्रज विनोदी लेखक डग्लस ॲडम्स यांनी चिमटा काढला होता. डबक्यातले पाणी म्हणते, 'हा खड्डा मला किती नेमका बसतो, माझ्यासाठीच खणला असणार!' ऊन चढते, पाणी आटत जाते, तरी त्याचा समज काही जात नाही.

पण दुसरी विश्वे तपासायची कशी? विरोधकांचा हा आक्षेप मला डॉक्टर म्हणून पटतो. सर्पदंशात वाचलेले आणि गेलेले, दोन्ही मोजता येतात. म्हणूनच औषधाचा गुण कळतो. विश्व मात्र मोजायला एकच आहे.

तो वाद खुशाल चालू द्या. साप चावला, तर मात्र वाद नको: चावलेला भाग हलवू नका, कापू नका, आवळून बांधू नका, थेट दवाखाना गाठा.