पिन लावलेलं जाकीट

बटाट्याचे ठसे तुम्ही मुलांना करून दिलेच असतील. मी शाळेत एकदा ‘अ’ कोरायला लावला, तर कागदावर उमटला उलटा! मुलं खो खो हसली, बाईंची फजिती झाली. ठसा उलटाच कोरावा लागतो, हे मेलं लक्षातच नाही राहिलं. पण एकदा जमला, की शाई लावा नि हवे तेवढे कागद काढा. एलिझाबेथ कॅटलेट या शिक्षिकेला भावली ती हीच गोष्ट.

अमेरिकेतली ही कृष्णवर्णीय बाई, जन्म 1915 चा. 1941 साली न्यू ऑर्लिन्सला शिकवत असताना तिला विद्यार्थ्यांना पिकासोची चित्रं दाखवायची होती. संग्रहालय होतं बागेत आणि बागेत काळ्यांना मज्जाव! तिनं बस थेट संग्रहालयाच्या दाराशी नेली. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, कष्टकऱ्यांच्या शाळेत ती शिल्पकला शिकवी आणि, ऐका हं, कपडे शिवायलाही! दिवसभर दुसऱ्यांच्या घरी राबलेल्या बायका तिथे येत. त्यांची शिकायची भूक तिच्या मनात घर करून राहिली.

1946 मध्ये शिष्यवृत्तीवर ती मेक्सिकोला गेली. तिथे 1937 पासून ‘तायेर दे ग्राफिका पोपुलार’ नावाची चित्रकार मंडळी एकत्र काम करत होती. जमिनीवर अंथरायचं लिनोलियम असतं ना, ते कोरून त्यावरून कामगारांसाठी, साक्षरतेसाठी पत्रकं आणि भित्तिपत्रकं छापायची. साहित्य स्वस्त, म्हणून चित्रही गरिबाला परवडणारं. प्रत्येकाचं काम सगळ्यांसमोर ठेवून चर्चा व्हायची. (आपल्या स्वयंपाकाची अशी चर्चा झाली तर!) तिथेच तिनं कृष्णवर्णीय स्त्रीवर 15 चित्रं कोरली. त्यात मोलकरीण आहे, शेतात राबणारी आहे, संघटना बांधणारीही आहे.

मला सगळ्यात आवडतं ते 1952 चं ‘शेअरक्रॉपर’. वाट्यानं शेती करणारी बाई, डोक्यावर रुंद गवती हॅट, नजर ताठ. आणि जाकिटाला गळ्याशी बटणाऐवजी सेफ्टी पिन! आपल्या बांगडीत अडकवलेली असते, तीच. शिवण शिकवणाऱ्या बाईची नजर तिथे जाणारच.

तिनं मेक्सिकोतच लग्न केलं, तीन मुलगे वाढवले. 1962 मध्ये तिथलं नागरिकत्व घेतलं, तर अमेरिकेनं ‘नको असलेली परकी’ म्हणून दार लावून घेतलं. 1971 मध्ये हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियममध्ये तिचं प्रदर्शन भरलं, तेव्हा कुठे खूप खटपटीनंतर तिला व्हिसा मिळाला.