घरी येण्याची परवानगी

दिवाळी जवळ आली की उज्जैनच्या फ्रीगंज भागातील कितीएक मराठी घरांत दोन पंचांगांचा मेळ घालण्याचे काम सुरू होते. एक पंचांग भिंतीवरचे. वसुबारसेपासून भाऊबिजेपर्यंतच्या तिथी त्यात ठरलेल्या असतात आणि कुणाच्या सोयीसाठी त्या बदलत नाहीत. दुसरे पंचांग परदेशी नोकरी करणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या रजेचे. ते न्यू जर्सी, लंडन वा दुबई येथील कुठल्याशा कचेरीत ठरते आणि त्यात नरकचतुर्दशीला स्थान नसते. असलेच तर नाताळाला असते. ही दोन पंचांगे ज्या वर्षी जुळतात त्या वर्षी अनारशांचे पीठ आठवडाभर आधी डब्यात भरले जाते. जुळत नाहीत त्या वर्षीही दिवाळी होते, पण फराळ निम्म्या मापाने होतो.

सागरकिनाऱ्यावरच्या वृत्तपत्राने क्षिप्रेच्या काठावरील एका पेठेची चिंता का वाहावी, असे आमचे काही वाचक विचारतील. त्यांनी आपल्याच गावाकडे पाहावे. बोटीवर गेलेला तारवटी आणि पूर्व आफ्रिकेत उमेदवारी करून परतणारा आफ्रिकर ही गोमंतकाच्या घराघरांतली माणसे होती. मुंबईत धोबीतलावच्या कुडांतून बोटीच्या बोलावण्याची वाट पाहणारा माणूस चवथीला किंवा नाताळाला गावी पोहोचेल की नाही, यावर इथल्या कुटुंबांचे वर्ष तोलले जात असे. जो अनुभव किनाऱ्याने दीडशे वर्षे घेतला, तो माळव्यातील मराठी मध्यमवर्गाच्या वाट्याला गेल्या तीन-चार दशकांत आला आहे. आम्हांस तो परका वाटत नाही.

शिवाय माळव्यातील मराठी माणूस मुळात स्वतःच घर सोडून गेलेला. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांनी उज्जैनला आपले ठाणे केले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. त्यांच्यामागून कारकून, शिलेदार, भिक्षुक, वैद्य असे कितीतरी लोक नर्मदा ओलांडून गेले. पुढे 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण उज्जैनचे मराठी लोक उज्जैनलाच राहिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्वाल्हेर संस्थानाने रेल्वेरुळांच्या पलीकडे रुंद, सरळ रस्त्यांची नवी वसाहत आखली. कागदोपत्री ती माधवनगर. लोकांच्या तोंडी मात्र फ्रीगंजच. टॉवर चौकातील घड्याळाच्या आसपास मास्तर, वकील, डॉक्टर, रेल्वेतले बाबू आणि संस्थानी नोकरीतील अधिकारी यांची घरे झाली. या घरांत बाहेर हिंदी आणि आत मराठी असा रिवाज सहज पडला. मुक्तिबोधांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. गजानन माधव हिंदीचे थोर कवी झाले, त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे. एकाच घरातून दोन भाषांना दोन कवी मिळाले आणि त्यात कुणाला विपरीत वाटले नाही.

आज त्या घरांत तिसरी भाषा आली आहे. नातवंडे इंग्रजीत बोलतात आणि आजीला ते पडद्यावर पाहावे लागते. प्राचीन ज्योतिर्विदांनी उज्जयिनीवरून जाणारी रेखा शून्य मानून कालगणना केली. सवाई जयसिंहांनी येथेच वेधशाळा बांधली. त्या शहरातील वृद्ध माणसे हल्ली वेगळेच गणित करतात. दुबई दीड तास मागे. न्यू जर्सी उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे. म्हणजे इकडे लक्ष्मीपूजनाचे दिवे लागतात तेव्हा तिकडे सकाळची कचेरीची धावपळ चालू असते. पूजा फोनवर दाखवली जाते. गृहिणी आरतीचे ताट पडद्यासमोर धरते आणि मुलगा ‘आई, दिसतंय’ एवढेच म्हणू शकतो.

माणसे बाहेर का गेली हा प्रश्न आम्ही येथे लांबवू इच्छित नाही. बिनोद मिलसारख्या कापडगिरण्या 1990 च्या दशकात बंद पडल्या. सरकारी नोकऱ्या आटल्या. 1957 साली स्थापन झालेल्या विक्रम विद्यापीठातून आणि इंदूरच्या महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्या तरुणाला उज्जैनने देण्याजोगे फारसे उरले नव्हते. तो पुण्याला गेला, बंगळूरला गेला, तेथून पुढे गेला. त्याला दोष देणाऱ्यांनी आपले पणजोबा कुठून आले होते हे आठवावे.

खरा विषय त्याच्या परतण्याचा आहे. तो येतो दोन किंवा तीन आठवड्यांसाठी. दिल्ली वा मुंबईला उतरायचे, तेथून आगगाडीची रात्र काढायची किंवा इंदूरला विमानाने येऊन उरलेले पंचावन्न किलोमीटर गाडीने तोडायचे. इंदूरहून दुबईला थेट विमान 15 जुलै 2019 रोजी प्रथम निघाले, तेव्हा आखातात काम करणाऱ्यांच्या घरी झालेला आनंद खरा होता. अमेरिकेकडून येणाऱ्यास मात्र दोन दिवस जाताना आणि दोन दिवस येताना द्यावेच लागतात. सणाच्या आठवड्यांत विमानभाडे किती चढते हे सांगायला नकोच. चार जणांच्या कुटुंबाला एका दिवाळीचा खर्च वर्षभर फेडावा लागतो. तरीही तो येतो.

आणि आल्यावर तो विश्रांती घेतो असा ज्यांचा समज असेल त्यांनी फ्रीगंजातले असे एखादे घर जवळून पाहावे. वर्षभर साठलेली सारी कामे त्याची वाट पाहत असतात. बाबांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘तो आला की करू’ म्हणून राहिलेली असते. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो आणि वृद्धाच्या अंगठ्याचे ठसे यंत्राला उमटत नसतात. बँकेतली ओळखपत्रांची पूर्तता, घरपट्टी, गच्चीची गळती, पाण्याची मोटार, विम्याचे कागद, शेजाऱ्याशी कुंपणावरून झालेला खटका हे सारे त्या एकवीस दिवसांत बसवायचे. महाकालाचे दर्शन घ्यायचे, तर 11 ऑक्टोबर 2022 रोजी ‘महाकाल लोक’ खुले झाल्यापासून सणासुदीच्या गर्दीत त्यालाही अर्धा दिवस बाजूला काढावा लागतो. चुलते, मामा, आत्या यांच्याकडे प्रत्येकी एक जेवण; न गेल्यास रुसवा. एखादा अविवाहित असला तर मुली पाहण्याचा कार्यक्रम. या धांदलीत आई-बाबांजवळ निवांत बसण्याचे तास मोजले तर ते दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील. सणाला घरी येणे ही सुखवस्तूंची चैन आहे असे म्हणणारे लोक आम्हांस भेटतात. तसे नाही. ज्या घरात दोन म्हाताऱ्या माणसांखेरीज कुणी उरलेले नाही, ते घर या एकवीस दिवसांच्या आधारावर उरलेले अकरा महिने उभे राहते.

असे असताना तो आधारच आता परक्याच्या मर्जीवर लोंबकळू लागला आहे, हे आमच्या आजच्या लिखाणाचे कारण.

19 सप्टेंबर 2025 रोजी, नवरात्राला तीन दिवस असताना, अमेरिकेच्या अध्यक्षांनी ‘एच-1बी’ परवान्याच्या अर्जावर एक लाख डॉलरचा आकार बसवणारा आदेश काढला. अंमल दीड-दोन दिवसांत. हा परवाना मिळवणाऱ्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक लोक भारतीय असतात. जे रजेवर मायदेशी आले होते त्यांना बड्या कंपन्यांनी ताबडतोब परतण्यास सांगितले; जे निघण्याच्या बेतात होते त्यांना थांबण्यास सांगितले. हा आकार केवळ नव्या अर्जांना लागू आहे, जुन्या परवानाधारकांना नाही, असा खुलासा दुसऱ्या दिवशी झाला. तोवर कित्येकांनी तिकिटे बदलली होती आणि सण घरच्यांवर सोडून माणसे विमानतळ गाठत होती.

त्यानंतर डिसेंबर आला. अर्जदारांची समाजमाध्यमांवरील खाती तपासण्याचा नवा नियम 15 डिसेंबरपासून लागू झाला आणि भारतातील अमेरिकी वकिलातींनी त्या महिन्यात दिलेल्या मुलाखतींच्या तारखा रद्द करून मार्च 2026 वा त्याही पुढे ढकलल्या. येथे एक बारकावा समजून घेतला पाहिजे. पारपत्रावरील व्हिसाचा शिक्का हा त्या देशात शिरण्यापुरता असतो. त्याची मुदत संपली तरी तेथे राहून नोकरी करता येते. पण एकदा देशाबाहेर पाऊल टाकले की नवा शिक्का घेतल्याखेरीज परत जाता येत नाही. म्हणून लोक नाताळाच्या रजेत घरी येत, मुंबईच्या वकिलातीत शिक्का घेत आणि परत जात. मध्य प्रदेश आणि गोवा ही दोन्ही राज्ये त्याच वकिलातीच्या कक्षेत मोडतात, तेव्हा हा प्रश्न आमच्या वाचकांनाही ठाऊक असावा. त्या डिसेंबरात जे आले ते अडकले. नोकरी तिकडे, घराचे हप्ते तिकडे, मुलांची शाळा तिकडे आणि माणूस इकडे. या प्रकरणातून इतरांनी घेतलेला बोध उघड आहे: घरी जाऊच नये.

सामर्थ्यवान देशाने आपल्या दारावर कोण पहारेकरी ठेवावा हे आपण ठरवू शकत नाही. परंतु दार लावण्याची वेळ आणि रीत यांबद्दल बोलता येते. 2024 च्या आरंभी त्याच देशाने आपल्या भूमीवरच वीस हजार अर्जदारांचे शिक्के नूतनीकृत करून देण्याचा प्रयोग केला होता. तो प्रयोग कायम करावा, ही मागणी आपल्या परराष्ट्र खात्याने व्यापाराच्या बोलण्यांइतक्याच आग्रहाने मांडावी, असे आमचे मत आहे.

आखाताकडे पाहिले तर उलट दिशेने काही सुधारणा झालेल्या दिसतात. कामगाराला स्वतःच्या घरी जायला मालकाची लेखी परवानगी लागावी, ही रीत तेथे वर्षानुवर्षे चालली. कतारने 2018 मध्ये बहुतेक कामगारांसाठी ती काढली आणि 2020 च्या आरंभी घरकामगारांनाही सूट दिली. सौदी अरेबियाने मार्च 2021 पासून नियम सैल केले. बापाच्या अंत्यविधीला न पोहोचलेल्या माणसांच्या कहाण्या किनाऱ्यावरील गावांत कमी नाहीत. ज्या काळी मालक पारपत्र कुलुपात ठेवीत असे त्या काळाला आपल्याकडील सरकारांनी किती जाब विचारला, हे न विचारलेलेच बरे.

आपल्या सरकारांना या माणसाचे कौतुक फार आहे. 8 ते 10 जानेवारी 2023 या दिवसांत सतरावा प्रवासी भारतीय दिवस इंदूरला भरला. गयाना आणि सुरीनाम या देशांचे राष्ट्राध्यक्ष आले. इंदूरकरांनी पाहुण्यांना आपल्या घरी उतरवून घेतले, ही गोष्ट त्या शहराच्या लौकिकाला शोभणारीच झाली. सभागृह मात्र अपुरे पडले, अनेक प्रतिनिधींना बाहेर थांबावे लागले आणि मुख्यमंत्र्यांना जाहीर क्षमा मागावी लागली. हा दिवस 9 जानेवारीचा का, तर 1915 साली त्या तारखेला गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरले. परतण्याचा दिवस आहे तो! त्या दिवशी व्यासपीठावरून हिशेब मात्र पैशाचा सांगितला जातो. 2024 मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी धाडलेली रक्कम जागतिक बँकेच्या अंदाजाने 129 अब्ज डॉलर होती. जगात कोणत्याही देशाला इतकी रक्कम येत नाही. रक्कम धाडणारा माणूस सणाला घरी पोहोचला काय, याची नोंद कोणत्या खात्यात होते?

1983 च्या उत्प्रवास कायद्याचा सारा भर माणूस जाण्यावर आहे. त्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी ऑक्टोबर 2025 मध्ये मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध झाला आणि त्यात सुरक्षित परतण्याचा विचार आहे. परतणे म्हणजे संकटात सापडलेल्याला सोडवून आणणे एवढाच अर्थ त्या कायद्याने घेऊ नये. 2020 च्या मार्चमध्ये नियमित आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली, ती 27 मार्च 2022 ला पूर्ववत सुरू झाली. त्या दोन वर्षांत सरकारने विशेष विमाने धाडून लाखो लोकांना आणले, हे मान्य. पण रजेवर येणारा माणूस संकटग्रस्त नसतो. त्याला येण्याबरोबर जाण्याचीही शाश्वती हवी असते. परराष्ट्रांशी होणाऱ्या श्रम-करारांत वर्षातून एकदा घरी जाऊन परत कामावर रुजू होण्याची हमी कलम म्हणून घातली, तर ती कुणालाही अन्यायाची वाटण्याचे कारण नाही.

घरच्या माणसांनाही दोन शब्द सांगणे आम्ही अनाठायी समजत नाही. जो येतो त्याच्या एकवीस दिवसांतून नातेवाइकांच्या जेवणावळी अर्ध्याने कमी कराव्यात. बँकेची आणि दाखल्याची कामे शेजारचा तरुण करू शकतो. त्याला विचारण्यात कमीपणा नाही. आणि रजा तिथीला येत नसेल तर तिथीचा हट्ट धरू नये. आमच्या ऐकिवात आहे की माळव्यातील काही मराठी घरांत आता भाऊबीज डिसेंबराच्या शेवटच्या आठवड्यात होते. बहीण पाट मांडते, रांगोळी घालते, भावाला ओवाळते. पंचांगात त्या दिवशी मार्गशीर्ष किंवा पौष असतो. पहिल्या वर्षी आजीबाईंनी नाक मुरडले म्हणतात. दुसऱ्या वर्षी करंज्यांचे सारण त्यांनीच केले.