भरती झाली, आता पुढं काय?



मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाची बैठक होती. हजेरी झाली, हप्ते जमा झाले, तरी कुणी उठेना. गटातल्या एका ताईंच्या मुलाचं अग्निवीर भरतीत नाव लागलं होतं आणि दहा दिवसांत त्याला बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवर हजर व्हायचं होतं. ताई पेढे घेऊन आल्या होत्या. वाटता वाटता त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "भरतीसाठी काय करायचं ते सगळ्या गावानं सांगितलं. भरती झाल्यावर काय करायचं ते कुणीच सांगत नाही."

आम्ही साताऱ्याकडच्या बाया. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एकाच गावातले ४६ जवान कामी आले. आजही आमच्या भागात दर चार घरांमागं एखादा फौजी निघतोच. तरीही घरातून पोरगं निघताना आपण पेटीत लाडू भरतो आणि खिशात अंगारा ठेवतो, पण कामाचं सांगत नाही. म्हणून आम्ही गटातल्या फौजींच्या आया आणि बायका, सुट्टीवर आलेले दोन जवान आणि एक रिटायर्ड सुभेदार काका यांना एकत्र बसवलं. त्यांच्याकडून जे कळलं, ते आज तुम्हाला सांगतो.

तिथं नेमकं काय चालतं?

अग्निवीरांचं ट्रेनिंग ३१ आठवड्यांचं असतं. पहिले १० आठवडे बेसिक, म्हणजे पायाभूत. त्यात पळणं, व्यायाम, कवायत, शिस्त आणि हत्याराची ओळख. पुढचे २१ आठवडे आपापल्या शाखेचं शिक्षण. कोण कुठं जाईल ते शाखेवर ठरतं. मराठा रेजिमेंटचं सेंटर बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला, रणगाड्यांचं नगरला, गार्ड्स रेजिमेंटचं नागपूरजवळ कामठीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला.

दिवस उजाडायच्या आत उठायचं, अंथरूण घडी करायचं, दाढी करायची, बूट चमकवायचे आणि मैदानात उभं राहायचं. मग पीटी, नाश्ता, कवायत, वर्ग, दुपारी पुन्हा काम, संध्याकाळी खेळ, रात्री हजेरी. शिकवणाऱ्याला 'उस्ताद' म्हणतात. उस्ताद ओरडतात. एकाच्या चुकीची शिक्षा सगळ्यांना मिळते. पोरांना आधी हे फार लागतं. सुभेदार काका म्हणाले, "त्याला वाटतं माझा अपमान केला. पण उद्या गोळी चालताना हुकूम कानावर पडला की हात-पाय आपोआप हलले पाहिजेत. आणि शेजारच्याची चूक ही आपलीच चूक, हे अंगात मुरलं पाहिजे." हे एवढं घरातून निघायच्या आधीच पोराच्या कानावर घाला. कारण माहीत असलं की बोलणी कमी झोंबतात.

निघण्याआधीचे आठवडे

आता एका पोरीची गोष्ट सांगतो. मुलींना शिपाई म्हणून मिलिटरी पोलिसांत घेतात, त्यांचं ट्रेनिंग बेंगळुरूला होतं. ८३ मुलींची पहिली तुकडी मे २०२१ मध्ये तिथूनच बाहेर पडली. आमच्या पलीकडच्या गावातली एक पोरगी नंतर तिकडं गेली. निवड झाल्यावर तिनं दीड-दोन महिने पळणं बंदच केलं, घरी पाहुण्यांची रीघ होती. मग बोलावणं आलं तशी घाबरली आणि शेवटच्या पंधरा दिवसांत नवे बूट घालून डांबरी रस्त्यावर रोज आठ-दहा किलोमीटर पळायला लागली. नडगी दुखू लागली. आईनं हळद-तेल लावलं. पोरगी दुखण्याच्या गोळ्या घेऊन तशीच गेली आणि तिथं कुणाला काही बोलली नाही. तिसऱ्या आठवड्यात पाऊल टेकवेना. एक्स-रे काढला तर हाडाला बारीक चीर पडलेली. तिची तुकडी पुढं गेली आणि तिला मागच्या तुकडीत बसवलं. तिनं ट्रेनिंग पुरं केलं, आज नोकरीत आहे. पण ती म्हणते, "घरी दुखायला लागलं तेव्हाच थांबले असते, तर हाड वाचलं असतं."

यातून शिकायचं ते असं. निवड झाली म्हणून पळणं सोडायचं नाही आणि शेवटी एकदम वाढवायचंही नाही. दर आठवड्याला थोडं थोडं वाढवावं, एक दिवस विश्रांती घ्यावी. जमेल तेव्हा मातीच्या रस्त्यानं पळावं. नवे बूट आधी घरात, मग चालताना, मग पळताना, असे पायाला सवयीचे करावेत. नडगीवर एका ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल आणि आराम करूनही थांबत नसेल, तर डॉक्टरला दाखवावं.

मुलींच्या आयांना आणखी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर लोहाच्या गोळ्या सुरू करा. गोळी लिंबू-पाण्याबरोबर चालते, चहाबरोबर नको, चहानं लोह अंगी लागत नाही. नाचणी, तीळ, दूध, अंडी, कडधान्यं पोटात जाऊ द्या. दुसरं म्हणजे पाळी. खूप व्यायाम आणि कमी खाणं झालं की पाळी थांबते. पुष्कळ पोरींना ते बरंच वाटतं, कटकट गेली म्हणतात. पण ती शरीरानं दिलेली सूचना असते. अन्न कमी पडतंय आणि हाडं कच्ची होतायत, असा तिचा अर्थ. लाज न बाळगता तिथल्या डॉक्टरला सांग, असं लेकीला बजावून ठेवा.

मुलगा असो की मुलगी, दुखरा दात निघायच्या आधी दाखवून घ्या. नखं सरळ कापायला शिकवा, म्हणजे ती कडेनं मांसात रुतत नाहीत. झोपेची वेळ महिनाभर आधीच बदला. मोबाइल बघत रात्री एकला झोपणारं पोरगं तिथं पहिल्या आठवड्यातच गळून जातं. आणि ताटात येईल ते खायची सवय लावा. लंगरमध्ये चपाती, डाळ, भात, राजमा, जे असेल ते. भाकरी-ठेच्याशिवाय ज्याचं चालत नाही, त्याचे हाल होतात. स्वतःचे कपडे धुणं, बटण लावणं, अंथरूण घालणं ही कामं पोरांकडून आत्ताच करून घ्या. पोरींना ती आपण शिकवतोच. पोरांना शिकवत नाही आणि तिथं ती रडकुंडीला येतात.

दुखणं लपवू नये

सुट्टीवर आलेल्या दोघा जवानांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. नवा रिक्रूट दुखणं लपवतो. मागं राहू, घरी पाठवतील, लोक हसतील, ही भीती असते. फोड, ताप, जुलाब, सगळं दाबून ठेवतो. फोड आले तर पाय कोरडे ठेवणं आणि मोजे बदलणं एवढ्यावर भागतं. पण उन्हाचा तडाखा तसा नाही. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर इथून सुरुवात होते. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, चालताना झोक जातोय, अशी वेळ आली तर ते जिवावरचं असतं. अशा वेळी सावलीत नेणं, अंगावर पाणी ओतणं, वारा घालणं आणि ताबडतोब दवाखाना. आपल्याला स्वतःला ते कळत नाही, शेजारच्याला कळतं. म्हणून पोराला सांगा, जोडीदारावर लक्ष ठेव. पाणी तहान लागायच्या आधी थोडं थोडं पी. फार कष्टाच्या दिवसानंतर लघवी चहासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडं जा.

आणि आयांनो, घरातून जाताना "काही झालं तरी मागं फिरू नकोस, तोंड दाखवू नकोस" असं बोलू नका. आपण हौसेनं बोलतो, पण तेच वाक्य धरून पोर दुखणं अंगावर काढतं.

कागदातलं नाव

आमच्या गटात एक आजी आहेत, फौजीच्या विधवा. मालक गेल्यावर त्यांची फॅमिली पेन्शन दोन वर्षं अडकली. का, तर मालकांच्या कागदात बायकोचं नाव माहेरचं, हाक मारायचं लिहिलेलं होतं आणि आधारवर सासरचं. ती एकच बाई आहे, हे पटवायला आजींनी किती खेपा घातल्या त्याला गणती नाही. भरतीच्या दिवशी घाईत, तोंडाला आलं ते नाव सांगितलं होतं, एवढीच चूक.

अग्निवीराला पेन्शन नाही, पण विमा आहे, निधी आहे, वारस नोंद आहे. तिथंही नावच बघतात. तेव्हा जेवणाची ताटं बाजूला सारून एक संध्याकाळ कागदांना द्या. शाळेचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार, पॅन, बँक पासबुक, सगळी समोर मांडा. मुलाचं, आईचं, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख सगळीकडं अक्षरशः सारखी आहे का ते बघा. एकीकडं 'पारूबाई' आणि दुसरीकडं 'पार्वती' असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. इंग्रजी स्पेलिंगही तपासा. तिथं कुटुंबाचा तक्ता भरून घेतात. त्यासाठी घरातल्या सगळ्यांची नावं आणि जन्मतारखा एका कागदावर लिहून पोराजवळ द्या. सगळ्या कागदांच्या झेरॉक्सचा एक संच घरी ठेवा. अडचण आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

सामानाची यादी हजर होण्याच्या पत्रात असते, तीच धरा. दोन किल्ल्यांचं चांगलं कुलूप, सुती मोजे, सुई-दोरा, नेलकटर, पासपोर्ट फोटो आणि मुलींसाठी पॅड, एवढं मात्र विसरू नका. सोनं आणि भारी मोबाइल घरीच राहू द्या. आणि "जवळचं सेंटर देतो, हलकी ड्यूटी लावून देतो" म्हणून कुणी पैसे मागायला आला, तर तो ठक समजा.

पैशाचं गणित

बचत गटाच्या बाया म्हणून हे आम्ही ठासून सांगतो. पहिल्या वर्षी अग्निवीराचा पगार महिना ३०,००० रुपये. त्यातले ९,००० सेवा निधीत जातात, हातात २१,००० येतात. सरकार तेवढेच ९,००० निधीत घालतं. पगार दरवर्षी वाढतो, चौथ्या वर्षी ४०,००० होतो आणि त्यातले २८,००० हातात येतात. चार वर्षांनी निधीचे सुमारे १० लाख ४ हजार आणि वर व्याज मिळतं, त्यावर आयकर नाही. सेवेच्या काळात ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता पोराला भरावा लागत नाही. तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढं कायम घेतात, बाकीचे घरी येतात. मधेच स्वतःहून सोडलं तर आपला जमा झालेला हिस्सा व्याजासह मिळतो, सरकारचा मिळत नाही.

म्हणजे ही नोकरी चार वर्षांची धरूनच घराचा हिशोब करायचा. एका घरानं पोराच्या पहिल्या पगाराआधीच सात वर्षांच्या हप्त्यावर गाडी घेतली. हप्ता १२,००० चा. पोरगं तिकडं साबण-पॉलिशसाठी मित्रांकडं हात पसरत होतं, हे आईला सुट्टीत कळलं. त्याच्या खर्चाचं त्याच्याकडं राहू द्या, थोडं घराला घ्या आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम त्याच्याच नावावर आवर्ती ठेवीत टाका. दहावी झालेल्या अग्निवीराला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेतून बारावी करायची सोय आहे, ती घ्यायला लावा. चार वर्षांनी परत आला तर ते शिक्षण उपयोगी पडेल.

फोन येत नाही तेव्हा

सुरुवातीला मोबाइल जवळ ठेवू देत नाहीत. ठरलेल्या वेळी थोडं बोलायला मिळतं. कधी आठवडा कोरडा जातो. आई इकडं जेवत नाही. पण फोन आला नाही म्हणजे काही वाईट झालं, असं नसतं. सेंटरचा पत्ता, फोन नंबर आणि मिळाला की पोराचा आर्मी नंबर भिंतीवर लिहून ठेवा. घरात खरोखर अडचण आली तर सेंटरला कळवता येतं. "तुमचा मुलगा जखमी झालाय, लगेच पैसे पाठवा" असा फोन आला तर एक रुपया पाठवू नका, आधी सेंटरला विचारा. त्याचा पत्ता, तुकडी, आतले फोटो स्टेटसला टाकू नका.

पाच मिनिटं बोलायला मिळाली तर भावकीचं भांडण काढू नका. म्हैस व्याली, पाऊस झाला, बहीण पास झाली, असं सांगा. तो रडला तर रडू द्या. "मला न्या" हे पहिल्या तीन-चार आठवड्यांत बहुतेक सगळे म्हणतात. "या रविवारपर्यंत थांब, मग बोलू" असं म्हणा. पण पोर फार गप्प झालं, जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोललं, तर तेव्हा रविवारची वाट बघू नका. त्याच दिवशी सेंटरला फोन करून साहेबांशी बोला. आणि एखादा खरोखरच परत आला, तर त्याला उंबऱ्यात उभं करून प्रश्न विचारू नका. आमच्या गावात एक पोरगं परत आलं, वर्षभर घराबाहेर पडलं नाही. गावानं हसून घेतलं आणि घरानं त्याची पाठ राखली नाही. पोर शरीरानं धडधाकट आलं होतं, त्याला आपणच आजारी पाडलं.

शेवटी येते ती कसम परेड. आई-वडिलांना बोलावणं येतं, पुष्कळ सेंटरवर त्यांच्या छातीला गौरव पदक लावतात. आमच्या त्या ताई आता त्याच दिवसाची वाट बघतायत. आईचं नाव त्यांनी सगळ्या कागदांवर एकसारखं करून घेतलंय आणि मुलाच्या पेटीत या वेळी लाडवांच्या डब्यावर चार जोड सुती मोजे ठेवले होते. जाताना त्या त्याला एवढंच म्हणाल्या, "दुखलं तर सांग रे बाबा. तिथं सांग आणि मलाही सांग."