विश्लेषण : लोणावळ्याच्या पाण्यावर कुटुंबासह वीकेंड... भुशी, पवना परिसरात धोका नेमका कुठे असतो?

पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी पुणे-मुंबईची कुटुंबे लोणावळ्याकडे निघतात. औंढे परिसरात बंगला घ्यायचा, एका दिवशी भुशी धरण, दुसऱ्या दिवशी पवना जलाशय, असा अनेकांचा बेत असतो. मात्र ज्याला आपण ‘तलाव’ म्हणतो, तो इथे बहुधा धरणाचा जलाशय असतो आणि तो पर्यटनासाठी बांधलेला नसतो.

हे पाणी कशासाठी अडवले?

भुशी धरण ब्रिटिश काळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले गेले. वळवणचे पाणी टाटांच्या खोपोली जलविद्युत केंद्रासाठी. हे केंद्र १९१५ पासूनचे. पवना धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले आणि पिंपरी-चिंचवडची तहान मुख्यतः त्यावर भागते. त्यामुळे काठावर सगळीकडे कठडे, उथळ पाण्याच्या खुणा किंवा जीवरक्षक असतील, असे गृहीत धरणे चूक आहे.

३० जून २०२४ रोजी काय घडले?

त्या रविवारी पुण्याच्या हडपसर भागातील एक कुटुंब भुशी धरणामागच्या धबधब्यात उतरले होते. पाणी अचानक वाढले. सगळे प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभे राहिले आणि वाहून गेले. काही जण काठाला लागले. एक महिला आणि चार मुलांचा मृत्यू झाला. लोणावळ्यातील शिवदुर्ग मित्र आणि आयएनएस शिवाजीच्या पथकांनी शोध घेतला. काठावरून चित्रित झालेली ती दृश्ये अनेकांनी मोबाइलवर पाहिली असतील.

पाणी इतक्या लवकर कसे वाढते?

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पुणे शहराच्या कित्येक पट. डोंगर उताराचे, खाली खडक आणि माती आधीच भिजलेली. वर जोराची सर आली की पाणी मुरत नाही, थेट ओढ्यात येते. खाली कदाचित भुरभुर पाऊसही नसतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. मोठ्या माणसाच्या गुडघ्याला लागणारे पाणी चार वर्षांच्या मुलाच्या कमरेपर्यंत येते. खाली शेवाळलेला खडक. साखळी करून उभे राहिल्यावर एकाचा पाय सुटला, तर त्याचा भार शेजारच्यावर येतो. ‘पाणी गुडघाभरच आहे’ हे वाक्य म्हणूनच फसवे.

पवनेचे पाणी तर शांत दिसते?

तिथला धोका वेगळा. जलाशयाखाली जुनी नदी, ओढे आणि शेतांचे बांध बुडालेले आहेत. चार पावले उथळ आणि पाचव्या पावलाला खोल, असे होऊ शकते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठाला गाळ उघडा पडतो आणि त्यात पाय रुततो. तंबूत राहणाऱ्यांनी अंधार पडल्यावर पाण्याकडे जाऊच नये, मद्य घेतले असेल तर नाहीच.

बंदी आहे का?

भुशीच्या घटनेनंतर पुणे जिल्हा प्रशासनाने मनाई आदेश काढले. खोल पाण्यात उतरणे, पोहणे तसेच सायंकाळी सहानंतर भुशीसारख्या ठिकाणी थांबणे यांवर बंदी आली. असे आदेश ठरावीक मुदतीचे असतात, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या हंगामातला आदेश पाहावा. मात्र बंदीने सगळे थांबते असेही नाही. १५ जून २०२५ रोजी, पुन्हा रविवारीच, मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला आणि चौघांचा जीव गेला.

मग जायचे कसे?

जमल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी. रविवारी भुशीच्या रस्त्यावर रुग्णवाहिकाही त्याच कोंडीत अडकते. मुलांना ओढ्याच्या पात्रात नेऊ नये. भिजायचेच तर पावसात भिजता येते. पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर फोटो सोडून लगेच जवळच्या काठाला यावे. कुणी वाहून जात असेल तर मागे उडी न टाकता दोर, ओढणी किंवा लांब काठी फेकावी आणि ११२ वर फोन करावा. डोंगराआड मोबाइलची रेंज जाते, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणच्या माणसाला आपण कुठे चाललो आहोत ते सांगून निघावे.